शेवभाजीचा डाग, घरचा साबण आणि पळसाचा दुपट्टा: सगळं घरी कसं करायचं

पांढऱ्या शर्टावर शेवभाजीची तर्री सांडली की आमच्याकडे पंगतीतच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते लगेच साबण लाव, दुसरी ओरडते साबण लावू नको, लाल होईल. दोन्ही पार्ट्यांचं बरोबर असतं. मी अकरावी-बारावीच्या पोरांचे क्लास घेतो, ऑरगॅनिक केमिस्ट्री सुरू झाली की पहिल्या दिवशी पुस्तक उघडतच नाही, हा डागच घेऊन बसतो, कारण फॅट, डाय आणि अॅरोमॅटिक रिंग (बेंझिनसारखं सहा कार्बनचं कडं) असे तिन्ही धडे त्या एका डागात आहेत. यावेळी पोरांनी विचारलं की सर तुम्ही तो घरचा साबण आणि पळसाचा दुपट्टा करता त्याची पद्धत एकदा नीट लिहून द्या ना, म्हणून हे लिहितोय. जरा लांब आहे. पण साबण आणि रंगाई दोन्ही यात आहे, आणि साबण आधी घेतलाय कारण तोच पुढे कापड धुवायला लागतो.

आधी डाग

तर्रीत काय असतं बघा. एक तेल, ते फॅट. दुसरा मिरचीचा लाल रंग, त्याचं नाव कॅप्सॅन्थिन, हा गाजर-टोमॅटोच्या रंगाचा भाऊ, कार्बनची लांबच लांब साखळी आणि त्यात एकाआड एक डबल बॉन्ड (दोन कार्बनमधली दुहेरी जोडणी), बेंझिनची रिंग यात नाही. तिसरी हळद, म्हणजे कर्क्युमिन. यात मात्र बेंझिनच्या दोन रिंगा आहेत आणि मध्ये सात कार्बनची साखळी, तीही एकाआड एक डबल बॉन्डची.

रंग दिसतो तो या एकाआड एक बॉन्डमुळे. नुसतं बेंझिन पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, कारण ते जो प्रकाश खातं तो अल्ट्राव्हायोलेट, आपल्या डोळ्याला तो कळतच नाही. पण रिंगांना अशी साखळी जोडली की इलेक्ट्रॉनना फिरायला मोठं अंगण मिळतं, मग कमी ताकदीचा प्रकाशही पुरतो. कर्क्युमिन साधारण ४२५ नॅनोमीटरचा जांभळा-निळा प्रकाश खातं, आणि उरलेला आपल्याला पिवळा दिसतो.

आता एक गोष्ट मला स्वतःला कॉलेज संपल्यावर लक्षात आली, तोपर्यंत कुणी सांगितलीच नव्हती. हळदीतलं कर्क्युमिन, मिरचीतलं तिखट म्हणजे कॅप्सेसिन, लवंगेतलं युजेनॉल आणि आइस्क्रीमातलं व्हॅनिलिन, चौघांत रिंग एकच आहे. बेंझिनच्या एका कोपऱ्यावर ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी), शेजारच्या कोपऱ्यावर मेथॉक्सी (ऑक्सिजनला लटकलेला एक कार्बन), आणि समोरून निघालेली शेपटी. फक्त शेपटी वेगळी. कॅप्सेसिनच्या शेपटीत रिंगेला जोडून एकाआड एक बॉन्ड नाहीत म्हणून त्याला रंगच नाही, म्हणजे मिरचीचा लालपणा वेगळा आणि तिखटपणा वेगळा. नंदुरबारच्या बाजारात मिरची घेताना लोक नुसता रंग बघून तिखटाचा अंदाज लावतात आणि घरी येऊन फसतात, ते यामुळेच.

आता डाग काढायचा कसा. आधी जास्तीचं तेल कागदाने टिपून घ्या, घासू नका. मग साबण लावा, डाग लाल होईल, होऊ द्या. साबण अल्कली (आंबटाच्या उलट, चुन्यासारखा) असतो, अल्कलीत कर्क्युमिनच्या ओएचमधला हायड्रोजन निघून जातो आणि रंग पिवळ्यावरून लालसर तपकिरीकडे सरकतो. पूर्वी घरी कुंकू करायचे ते हळदीला चुना लावूनच, तेच इथे शर्टावर झालं. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, लिंबू पिळा, परत पिवळा. तोवर तेल गेलेलं असतं. मग कापड ओलं करून कडक उन्हात टाका, दोन-तीन दिवस असं केलं की हळद उडते आणि मिरचीचा रंगही उडतो. उन्हात कर्क्युमिनची मधली साखळी तुटते आणि त्या तुकड्यांमध्ये चक्क व्हॅनिलिनही असतं (वास येण्याइतकं नाही, पोरं दरवर्षी शर्ट हुंगून बघतात). एकच काळजी, ब्लीचिंगचं पाणी आणि लिंबू किंवा व्हिनेगर कधीच एकत्र करू नका, क्लोरीन गॅस सुटतो.

साबण

साबण करणं म्हणजे तेल तोडणं. तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या खुंटीला टांगलेल्या फॅटी अॅसिडच्या तीन शेपट्या. कॉस्टिक सोडा त्या शेपट्या खुंटीवरून काढतो आणि प्रत्येकीच्या टोकाला सोडियम बसवतो, तोच साबण, आणि खुंटी सुटी होते ते ग्लिसरीन. शेपटीला तेल आवडतं, टोकाला पाणी आवडतं, त्यामुळे शेपट्या तेलाच्या थेंबात घुसतात, टोकं बाहेर पाण्याकडे राहतात आणि थेंब पाण्याबरोबर निघून जातो. हे सगळं १८०० नंतरच्या पंचवीसेक वर्षांत शेव्रल नावाच्या फ्रेंच माणसाने उलगडलं, १८२३ मध्ये त्याचं फॅटवरचं पुस्तक आलं आणि १८२४ मध्ये तो पॅरिसच्या गोबेलॅं या गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख झाला. साबण आणि रंग, दोन्ही एकाच माणसाकडे. मला तो फार जवळचा वाटतो. १०२ वर्षं जगला गडी.

आपल्या खान्देशातही हे दूरचं नाही. आज जिला विप्रो म्हणतात ती कंपनी १९४५ साली अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाने सुरू झाली, वनस्पती तूप करायची आणि ७८७ नावाचा कपड्याचा साबण करायची. वनस्पती म्हणजे काय तर पातळ तेलातल्या डबल बॉन्डमध्ये निकेलच्या मदतीने हायड्रोजन भरायचा. डबल बॉन्डमुळे शेपटी वाकडी असते, वाकड्या काड्यांची मोळी नीट बांधली जात नाही म्हणून तेल पातळ. हायड्रोजन भरला की काड्या सरळ, मोळी घट्ट, तेल गोठतं.

यावरून साबणासाठी कुठलं तेल घ्यायचं तेही कळतं. नुसत्या शेंगदाणा तेलाचा साबण मऊ होतो, पाण्यात राहिला की बुळबुळीत, फेसही बेताचाच. खोबरेल तेलात छोट्या सरळ शेपट्या, लॉरिक अॅसिड जवळपास निम्मं, म्हणून साबण टणक आणि फेस भरपूर, पण नुसतं खोबरेल वापरलं तर हात कोरडे पडतात. दोन्ही मिसळायचं. सातपुड्याच्या बाजूला मोहाच्या बियांचं तेल मिळतं, थंडीत ते तुपासारखं गोठतं, त्याचा साबण छान बसतो, मिळालं तर शेंगदाण्याच्या जागी ते घ्या, कॉस्टिकचा आकडा जवळपास तोच राहतो.

माझं माप असं. शेंगदाणा तेल ३५० ग्रॅम, खोबरेल १५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७१ ग्रॅम, पाणी १५० ग्रॅम. ७१ कुठून आले ते सांगतो म्हणजे तुम्हाला तुमचं माप काढता येईल. १ ग्रॅम शेंगदाणा तेलाला ०.१३६ ग्रॅम कॉस्टिक लागतो आणि १ ग्रॅम खोबरेलला ०.१८३. म्हणजे ४७.६ अधिक २७.५, झाले ७५. त्यातून पाच टक्के कमी करायचे, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहतं पण सुटा कॉस्टिक शिल्लक राहत नाही. सगळं वजनावर, वाटी-चमचा अजिबात नाही. १ ग्रॅमचा फरक दाखवणारा किचनचा वजनकाटा पाहिजेच, त्याशिवाय या भानगडीत पडू नका.

तळणीचं जुनं तेल चालतं का असं सगळे विचारतात. चालतं, पण आधी धुवून घ्या: तेलाइतकंच पाणी, एक चमचा मीठ, दहा-पंधरा मिनिटं उकळा, थंड होऊ द्या, वर आलेलं तेल अलगद काढा आणि कापडातून गाळा. जळका चुरा खाली पाण्यात राहतो. वास थोडा राहतोच, भज्यांच्या तेलाचा साबण भज्यांचीच आठवण देतो, पण कपड्याला चालतो.

आता कॉस्टिक. इथे गंमत करू नका. डोळ्याला चष्मा, हातात रबरी ग्लोव्ह्ज, पूर्ण बाह्या, पायात बूट, लहान पोरं आणि मांजर घराबाहेर. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं, अॅल्युमिनियमचं कधीच नाही, कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातो आणि हायड्रोजन सुटतो. पाण्यात कॉस्टिक टाकायचा, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, उलटं केलं तर ते उसळून तोंडावर येतं. थोडा थोडा टाकत ढवळा, उघड्यावर, ओट्यावर नको. पाणी आपोआप चहासारखं गरम होतं आणि वाफ नाकात झोंबते, तोंड लांब ठेवा. कातडीवर थेंब पडला तर लिंबू-व्हिनेगर शोधत बसू नका, सरळ नळाखाली धरा आणि पंधरा मिनिटं पाणी सोडा. डोळ्यात गेला तर पाणी मारत मारतच दवाखाना.

कॉस्टिकचं पाणी आणि तेल दोन्ही ४०-४५ डिग्रीवर आलं की पाणी तेलात बारीक धारेने ओता आणि ढवळत राहा. हाताने ढवळलं तर पाऊण तास, कधी जास्त, हँड ब्लेंडर असेल तर थांबत थांबत पाच-दहा मिनिटं (तो ब्लेंडर मग परत ताकाला वापरायचा नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा, मी नव्हतं सांगितलं). मिश्रण पातळ श्रीखंडाइतकं झालं आणि चमच्यातून पडलेल्या धारेची रेघ वर दिसायला लागली की झालं. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक आतून लावलेल्या डब्यात ओता, एक दिवस झाकून ठेवा. मे महिन्यात जाड गोधडीत गुंडाळू नका, आपल्याकडे तसंही ४४ डिग्री असतं, आतली रिअॅक्शनही उष्णता सोडते आणि वडी मधोमध फाटते. दुसऱ्या दिवशी वड्या कापा, ग्लोव्ह्ज घालूनच, आणि हवेशीर जागी चार आठवडे ठेवा. मग पीएच पेपर (अल्कली किती आहे ते रंगावरून दाखवणारी कागदाची पट्टी) लावा, आकडा १० च्या आत असेल तर वापरा. हळद लावून टेस्ट करू नका, चांगला साबणही हळदीला लाल करतोच.

बोअरच्या जड पाण्यात हा साबण फेस कमी देतो आणि बादलीला पांढरा साका धरतो. जड पाण्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि तो साबण पाण्यात विरघळत नाही. बादलीत आधी चिमूटभर धुण्याचा सोडा टाका, नाहीतर पावसाचं पाणी साठवून ठेवा.

रंगवायचं कापड

दुपट्टा घ्या, उपरणं घ्या, पण सुतीच पाहिजे. दुकानदार सुती सांगतो आणि निघतं मिक्स. कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळा: कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती, वितळून टणक मणी झाला तर पॉलिस्टर आहे, परत करा.

मी पुढचे सगळे आकडे २५० ग्रॅम कोरड्या कापडासाठी देतोय, तुमचं वजन वेगळं असेल तर त्या प्रमाणात करा.

पहिल्यांदा कापड उकळायचं, आणि याच पायरीवर लोक आळस करतात. कापसाच्या धाग्यावर मुळातच मेणासारखं फॅट असतं, झाडाने ते पाणी लागू नये म्हणून लावलेलं असतं, वर दुकानातल्या कापडाला खळ असते. हे निघालं नाही तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात ५ लिटर पाणी, २५ ग्रॅम धुण्याचा सोडा, १० ग्रॅम आपला साबण किसून, एक तास उकळा. पाणी चहासारखं पिवळं होतं, पांढऱ्या शुभ्र दिसणाऱ्या कापडातून एवढं निघतं हे पहिल्यांदा बघून माझी मावशी कपाळावर हात मारून बसली होती. धुवा, वाळवा आणि मग पाण्याचा थेंब टाकून बघा (ओल्या कापडावर नाही, वाळलेल्यावरच), थेंब लगेच आत गेला पाहिजे. वर मोत्यासारखा बसून राहिला तर परत उकळा.

हिरडा आणि तुरटी

आता मूळ अडचण. खान्देश कापसाचा मुलूख, पण रंगाच्या बाबतीत कापूस महा हट्टी. लोकर आणि रेशीम प्रोटीन आहेत, त्यांच्यावर रंगाला पकडायला बऱ्याच जागा असतात. कापूस म्हणजे सेल्युलोज, त्यावर नुसते ओएच, तिथे बहुतेक झाडांचे रंग येतात, बसतात आणि पहिल्याच धुण्यात निघून जातात. म्हणून मध्ये दोन मध्यस्थ घालावे लागतात.

पहिला हिरडा. किराणा दुकानात किंवा काष्ठौषधीवाल्याकडे मिळतो, बी काढलेल्या सालीची पूड घ्या, ५० ग्रॅम. यात टॅनिन भरपूर, म्हणजे बेंझिनच्या रिंगा आणि प्रत्येक रिंगेवर शेजारी शेजारी ओएचची रांग. टॅनिन कापसाला चिकटतं. ३ लिटर कोमट पाण्यात पूड रात्रभर भिजवा, गाळा, त्यात ओलं कापड बुडवा, अधूनमधून हलवत सहा-आठ तास. मग पिळून तसंच वाळवा, धुवू नका. कापड फिकट पिवळसर होतं आणि त्याला एक तुरट वास येतो.

दुसरी तुरटी, ५० ग्रॅम. गरम पाण्यात विरघळवा, मग थंड पाणी घालून ३ लिटर करा. हिरड्याचं वाळलेलं कापड परत ओलं करून यात रात्रभर. उकळायचं नाही, तुरटीचं पाणी आंबट असतं आणि सुताला उकळत्या आंबटात ठेवणं बरं नाही. तुरटीतलं अॅल्युमिनियम एका बाजूने टॅनिनला धरतं, दुसऱ्या बाजूने रंगाच्या रेणूतल्या जवळजवळच्या दोन ऑक्सिजनना खेकड्यासारखं नांग्यांत पकडतं. खेकडा उगाच म्हणत नाहीये, या प्रकाराला केमिस्ट्रीत चीलेट म्हणतात तो शब्द ग्रीकमधल्या नांगीवरूनच आलाय. सकाळी पिळा, सावलीत वाळवा, जमलं तर दोन दिवस तसंच राहू द्या, मग रंगवायच्या आधी एकदा साध्या पाण्यातून काढा.

पळस

माघ-फाल्गुनात चोपड्याहून सातपुड्याकडे निघालं की पळस पेटलेला दिसतो, पान एक नाही, नुसती फुलं. मावशी आमची अहिराणीत बोलते, तिकडे ळ चा य होतो, त्यामुळे होळी आली की फोनवर पहिला प्रश्न, ‘पयसना फुलं लई उना का रे?’ म्हणजे पळसाची फुलं घेऊन आलास का. फुलं झाडावरून ओरबाडायची नाहीत, फांद्या तर मोडायच्याच नाहीत, पहाटे खाली पडलेला सडा वेचायचा, तोवर ती ताजी असतात. भोंगऱ्या बाजाराच्या (होळीआधी भरणाऱ्या आदिवासी बाजाराच्या) दिवसांत गेलात तर वेचायला सोबतही भरपूर. घरी आणून सावलीत पसरा, चार-पाच दिवसांत कुरकुरीत वाळतात, मग कापडी पिशवीत वर्षभर राहतात. प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर भरली तर बुरशी लागते.

२५० ग्रॅम कापडाला निदान तेवढीच वाळलेली फुलं, गडद हवा असेल तर दुप्पट. ५ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर तासभर ठेवा, बुडबुडे हळूहळू यावेत इतकंच. फुलांत ब्युट्रिन आणि आयसोब्युट्रिन नावाची द्रव्यं असतात, त्यांना साखरेच्या गाठोड्या बांधलेल्या असतात, त्या सुटल्या की उरतं ते ब्युटिन आणि ब्युटेइन. ब्युटेइन म्हणजे परत तेच, दोन रिंगा आणि मध्ये तीन कार्बनचा पूल, रंग केशरी-पिवळा. ब्युटिनमध्ये तो पूल वळून बंद झालेला असतो म्हणून त्याला फारसा रंग नाही. आता होळीला म्हातारे लोक पळसाच्या पाण्यात चिमूटभर चुना का टाकतात ते बघा: अल्कलीत बंद पूल उघडतो, ब्युटिनचं ब्युटेइन होतं आणि पाणी डोळ्यादेखत पिवळ्याचं केशरी होतं. पोरांसमोर काचेच्या ग्लासात हे एकदा करून दाखवा, बाकी काही शिकवायला लागत नाही.

फुलं गाळून काढा. गाळलेल्या रंगात तुरटीचं ओलं कापड सोडा, ते मोकळं पोहलं पाहिजे, कोंबू नका. मंद आचेवर पाऊण ते एक तास, लाकडी काठीने सतत वरखाली. पहिली पंधरा मिनिटं तर हात थांबवायचाच नाही, रंग सगळ्यात जास्त तेव्हाच बसतो आणि घडी राहिली की तिथे कायमची रेघ. मग आच बंद करून त्याच पाण्यात रात्रभर राहू द्या. केशरी झाक हवी असेल तर दुसऱ्या दिवशी बादलीभर पाण्यात अर्धा चमचा धुण्याचा सोडा टाकून दोन मिनिटं बुडवा आणि लगेच साध्या पाण्यातून काढा. सावलीत वाळवा. पहिलं धुणं दोन-तीन दिवसांनी, साध्या पाण्यात.

हिराकस, आणि माझा गोंधळ

तुरटीऐवजी लोखंड आलं की रंग मातकट-काळपट होतो, कारण टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की शाई तयार होते, खरोखरची शाई, जुन्या काळी लिहायला हीच वापरायचे. मुद्दाम करायचं असेल तर ३ ग्रॅम हिराकस (म्हणजे लोखंडाचा क्षार, फेरस सल्फेट) ४ लिटर थंड पाण्यात, रंगवलेलं कापड पाच मिनिटं, बस. पिवळ्यावरून मेंदीसारखा हिरवट होतो, दिसायला भारी. जास्त हिराकस घातलात तर काही वर्षांत कापड त्या जागी जीर्ण होऊन फाटतं.

पहिल्या वर्षी मी हे न मागता केलं होतं. मोठं पातेलं लग्नात गेलेलं, म्हणून भरीत-भाकरीच्या कार्यक्रमाची लोखंडी कढई घेतली, हिरड्याचं कापड त्यात घातलं आणि अर्ध्या तासाने बघतो तर दुपट्टा शेणाने सारवल्यासारखा. मावशी आली, काठीने उचलून बघितला आणि म्हणाली, ‘हाई काय करी टाकं रे तू!’ तो दुपट्टा आता गाडी पुसायला आहे, आणि रंग म्हणाल तर सहा वर्षांत तसूभर उडालेला नाही. तेव्हा भांडं स्टीलचं, काठी लाकडाची, आणि बोअरच्या पाण्यात लोखंड असेल, म्हणजे बादलीला तांबूस थर धरत असेल, तर ते पाणी रंगाला नको.

हळद, मंजिष्ठा आणि पुडीचे रंग

हळद ही एक वेगळीच, कापसाला ती मध्यस्थाशिवाय चिकटते, म्हणूनच लग्नातले हळदीचे कपडे सहज निघत नाहीत. पण वर सांगितलंच, उन्हात उडते आणि साबणाला लाल होते, म्हणून नुसत्या हळदीत दुपट्टा रंगवून विकणाऱ्याकडून घेऊ नका. लाल हवा असेल तर मंजिष्ठा, म्हणजे एका वेलीची मुळं, तीही काष्ठौषधीवाल्याकडे मिळते. पद्धत वरचीच, फक्त पाणी ६०-७० डिग्रीच्या वर नेऊ नका, जास्त तापलं की लालऐवजी विटकरी होतं. गंमत म्हणजे मंजिष्ठेला थोडं जड पाणी मानवतं. मंजिष्ठेच्या युरोपातल्या बहिणीच्या मुळांत अॅलिझारिन नावाचा लाल रंग असतो, तो १८६८ मध्ये जर्मनीत डांबरातल्या अँथ्रासीनपासून प्रयोगशाळेत बनला आणि थोड्याच वर्षांत मुळांची शेती बसली. त्याआधी १८५६ मध्ये लंडनला पर्किन नावाचा १८ वर्षांचा पोरगा क्विनाइन हे मलेरियाचं औषध बनवायला गेला होता आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला, कृत्रिम रंगांचा धंदा तिथून सुरू झाला.

आज दुकानातले बहुतेक रंग याच डांबर-पेट्रोलियमच्या रिंगांचे, आणि त्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही, घाईत असाल तर सुतासाठी रिअॅक्टिव्ह रंग मागा. हे १९५६ पासून बाजारात आहेत आणि ते सेल्युलोजच्या ओएचला सरळ पक्का बॉन्डच करतात, हिरडा नको तुरटी नको, फक्त मीठ आणि धुण्याचा सोडा, तेही थंड किंवा कोमट पाण्यात. रंगाची पूड नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा, दम्याचा त्रास असेल तर पुडी उघडूच नका. आणि यूट्यूब बघून घरी अॅझो रंग बनवायच्या फंदात पडणाऱ्यांना हात जोडून सांगतो, त्याला लागणारं अॅनिलिन कातडीतून आत जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद मारतं, ते कॉलेजच्या लॅबमध्येच राहू द्या.

काही बिघडलं तर

रंग डागाडागाने बसला असेल तर दहापैकी आठ वेळा उकळणं कमी पडलंय, परत सोडा-साबणात उकळा आणि पहिल्यापासून करा. रंग फिका आला तर फुलं कमी किंवा जुनी, त्याच कापडाला तुरटीचा अर्धा हात आणि ताज्या रंगाचा दुसरा हात द्या. पहिल्याच धुण्यात सगळं गेलं तर हिरडा राहिलाय किंवा हिरड्यानंतर तुम्ही कापड खळखळून धुतलंय. धुताना आपला साबण वापरला तर पळस थोडा केशरीकडे जातो, घाबरू नका, शेवटच्या पाण्यात दोन थेंब लिंबू टाकलं की परत येतो, जास्त टाकलं तर फिका पडतो. उरलेला रंग दोन दिवसांत आंबतो, ठेवू नका, त्यात रुमाल, मोज्यांचा जोड, काय मिळेल ते बुडवून संपवा, गाळलेली फुलं झाडाला घाला आणि तुरटीचं पाणी भरपूर पातळ करून मगच मोरीत सोडा.

आणि दुपट्टा घालून जेवायला बसणार असाल तर खांद्यावरून काढून खुंटीला लावा, कारण पळसावर तर्री सांडली तर वर लिहिलेला उन्हाचा इलाज चालत नाही, हळदीबरोबर पळसही उडतो.